विटेचे बारा उपयोग

मी धम्मदीप. उरला गावच्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमधी बावीस वर्षं झाली, भट्टी सांभाळून राहिलो. फोरमनची जागा खाली झाली तं मले वाटलं, आता आपलाच नंबर. पण कंपनीनं काढली परीक्षा. विषय काय, तं म्हणे ‘वेगळा विचार’!

परीक्षा घ्यायले देवयानी मॅडम आल्या. म्हणाल्या, “विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा. दहा मिनिटं. मन मोकळं सोडा.”

मी तं खुशच झालो. विटांमधीच जिंदगी गेली ना बाप्पा! ट्रकच्या चाकाखाली लावायची, टाच घासायची, हलणाऱ्या कूलरखाली सरकवायची. आणि भट्टीजवळच्या तापल्या विटेवर डबा गरम करायचा, हा तं माझाच शोध. अख्खी शिफ्ट तशीच जेवते. असे एकतीस लिहिले.

निकाल लागला. बारापैकी तीन.

डोकं सणकलं माझं. “काहून जी, मॅडम?”

त्यांनी छापील कागद समोर धरला. “वेगळ्या विचाराची मान्य उत्तरं बारा आहेत. तुमची अठ्ठावीस यादीत नाहीत.”

“अन् डबा गरम करणं?”

“छान सुचलं हो, काका. पण यादीत नाही.”

मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. घरी सरितानं, माझ्या बायकोनं, तो पाहिला. “मोठे आले अक्कल पाजळणारे! दोन महिन्यानं फेरपरीक्षा आहे ना? मंग पाठ करा गुमान.”

पोट्टी, नीलिमा, रोज सकाळी घोकून घ्यायची. “पापा, सातवाँ उपयोग?”

“पुस्तकं पडू नयेत म्हणून आधार.”

फेरपरीक्षेत बारापैकी बारा! मॅडमनं टाळ्या वाजवल्या. “बघा, यांचा विचार किती खुलला!” मी फोरमन झालो. खोटं काहून सांगू, लय आनंद झाला.

पहिल्या दिवशी भट्टीवर गेलो, तं कंपनीनं ती यादी फ्रेम करून भिंतीवर टांगली होती. जेवायची सुटी झाली. कृष्णा पंधरा वर्षांपासून माझ्यासंगं भट्टीवर आहे. तो नेहमीसारखा तापल्या विटांवर सगळ्यांचे डबे मांडून राहिला होता. “दादा, तुमचा डबा आणा.”

मी भिंतीकडे पाहिलं. तोंडातून निघून गेलं, “उचल ते सगळे. यादीत नाही.”

कृष्णानं एकेक डबा उचलला.

“हव, साहेब,” म्हणाला.

अख्ख्या शिफ्टनं त्या दिवशी गारढोण भाजी खाल्ली. मीबी तीच खाल्ली.