उलटी मूठ

माझा दादा आठवडाभर लोकांचे दात काढतो आणि रविवारी गॅरेजमध्ये भट्टी पेटवून समुद्री चाच्यांच्या तलवारी घडवतो. म्हातारचळ, दुसरं काय! पण आमच्या हौशी नाटकात मला चाच्यांच्या कप्तानाचं काम मिळालं, तेव्हा मीच त्याच्याकडे तलवार मागायला गेले. त्यानं माझ्या हातात झाडूचा दांडा दिला आणि तासभर मला खोटं खोटं लढायला लावलं. मी त्याला नाही नाही ते बोलले.

महिन्याभरानं तलवार तयार झाली. रुंद, वाकडं, बोथट पातं आणि मुठीवर बोटं झाकणारी पितळेची वाटी. मी मूठ धरली, तर वाटीची कड मनगटात रुतली.

"उलटी बसवलीस की रे! कवळ्याही अशाच बसवतोस का?"

"अगं ठमे, डाव्या हातात घेऊन बघ."

मी घेतली. वाटी बोटांवर अलगद बसली.

लहानपणी पेन्सिल, चमचा, कात्री, सगळं आई माझ्या डाव्या हातातून काढून उजव्यात द्यायची. पुढची साठ वर्षं मी उजव्या हातानंच काढली.

"तुला कसं कळलं?"

"तू चिडलीस की झाडू आपोआप डाव्या हातात जायचा."

आईनं आम्हा भावंडांत कधी डावं-उजवं केलं नाही, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आले. दादानं केलं, आणि मी भरून पावले.