सातशे एक्केचाळीस नंबरचं विमान

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आपल्या मायला, जमुनाबाईला, दुर्गेश्वरी गोंदियाहून आमगावला घेऊन येत होती. वाटेत एका कॉलेजच्या फाटकासमोर मायनं ऑटोवाल्याचा खांदा गच्च धरला आणि ऑटो थांबवायला लावला.

फाटकाच्या आत, सिमेंटच्या ओट्यावर, वायुदलाचं एक जुनं विमान उभं होतं. वर्ष झालं असेल त्याला तिथं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते शंभरदा पाहिलेलं, नंबराकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. जमुनाबाईला मात्र इतके दिवस तिथं काहीतरी पांढुरकं आहे एवढंच दिसायचं. आता ती फाटकाचे गज धरून उभी राहिली आणि तिनं डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर तीन इंग्रजी आकडे गोंदलेले होते. सात, चार, एक. विमानाच्या शेपटीवरही तेच तीन.

"दुर्गे, तू वाच. माह्या डोळ्याचा भरोसा नाही."

दुर्गेश्वरीनं वाचलं, मग मायच्या मनगटाकडे पाहून पुन्हा वाचलं.

खेमराज तिचा मोठा भाऊ. रहांगडाल्यांच्या घरातला धानाच्या बांधीतल्या चिखलातून थेट वायुदलात गेलेला पोरगा. चाळीस वर्षं झाली, शिकाऊ वैमानिक असताना तो एकटाच विमान घेऊन निघाला, जंगलावरून जाताना त्याचा आवाज रेडिओवर बंद झाला आणि मग काहीच नाही. विमान सापडलं नाही, तोही नाही. घरी आलेल्या साहेबानं विमानाचा नंबर सांगितला, तो मायनं जत्रेत गोंदवून घेतला. एखाद्या डोंगरात पत्र्याचा तुकडा सापडलाच, तर आपल्याला ओळखता यावा म्हणून. त्याची तेराव्या दिवसाची तेरवी तिनं करू दिली नाही. बाप वाट पाहतच गेला. अलीकडे जवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरांची छोटी विमानं उडतात, त्यांची घरघर आली की म्हातारी अजूनही अंगणात येते.

"विमान तर वापस आलं," जमुनाबाई म्हणाली. "मंग पोरगा कुठी हाय?"

घरी आल्यावर तिनं कोठीतली धानाची पोती हलवायला लावली आणि तिथं खाट टाकली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "खेमराज येऊन राहिला."

दुर्गेश्वरी तिला हसली नाही. हसण्याची सोयच राहिली नव्हती. विमान उतरलं असेल तर आतला माणूसही उतरला असेल. मग तो आला का नाही? कुणी कोंडून ठेवला? डोक्याला मार लागून नाव-गाव विसरला? भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती भावाचं आजचं तोंड जुळवू लागली. साठी ओलांडलेला, केस पिकलेला खेमराज. आणि एकदा तो चेहरा जुळला, तो डोळ्यांपुढून जाईना.

ती नवऱ्याला, चैतरामला घेऊन कॉलेजात गेली. प्राचार्य म्हणाले, "नंबर कुठून आला ते मला ठाऊक नाही, बाई. हे विमान आणायला नागपूरच्या एका निवृत्त विंग कमांडरनी मदत केली होती, त्यांना विचारा."

विंग कमांडर साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"ताई, शेपटीवरचा नंबर म्हणजे नुसता रंग. चाक आत जातं त्या खोबणीत कारखान्याची धातूची पट्टी ठोकलेली असते. ती बदलत नाही. तेवढी वाचून सांगा."

दुर्गेश्वरी पदर खोचून विमानाच्या पोटाखाली शिरली. पट्टीवर रंगाचे थरावर थर बसले होते. चैतराम म्हणाला, "मी करतो ना," पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. पॉलिश पेपरनं घासून घासून बोटांची सालं निघाली. घासताना ती पुटपुटत होती, "तोच निघू दे, देवा, तोच निघू दे." निघालेला आकडा तिनं साहेबांना सांगितला. त्यावरून तिला काहीच कळत नव्हतं.

मग थांबणं आलं. जमुनाबाई रोज सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून उन्हात बसू लागली. काळा चष्मा तिनं फेकून दिला, त्यातून माणूस ओळखू येत नाही म्हणे. ऑपरेशनचा डोळा लालभडक झाला.

साहेबांचा फोन आला तेव्हा दुर्गेश्वरी बाजारात होती.

"ताई, हे ते विमान नाही. त्याच जातीचं आहे, पण दुसरं. कॉलेजात आलं तेव्हा याचा नंबर खरवडून काढलेला होता. कॉलेजच्या पेंटरनं एका जुन्या फोटोत बघून हा टाकला. फोटो खऱ्या सातशे एक्केचाळीसचा होता, अपघाताच्या आधीचा."

ती भाजीच्या दुकानाच्या पायरीवर बसली. साहेब सांगत राहिले. या विमानावर किती तरी पोरं शिकली. एकदा चाक फुटलं, एकदा पक्षी आदळला. म्हातारं झाल्यावर मेकॅनिकच्या शाळेत खोलायला-जोडायला ठेवलं. "पण यात कुणाचा जीव गेला नाही, ताई. सगळी पोरं सुखरूप उतरली," ते म्हणाले. बिचाऱ्यांना तेवढाच धीर देता येत होता.

"मायले नको सांगू," चैतराम म्हणाला. "राहू दे तिले तिच्या आशेवर."

"डोळा जाईन तिचा. अशीच बसून बसून जीवबी जाईन."

दुसऱ्या दिवशी तिनं मायला विमानाजवळ नेलं, तिचा हात धरून पट्टीवर ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पेंटरचंही.

जमुनाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुले कोनं सांगितलं होतं खोदाले? चार दिस तो येऊन राहिला होता ना घरी!"

दुर्गेश्वरीला रडू फुटलं. "माय, चुकलं माहं."

म्हातारीनं विमानाकडे पाहिलं. "हे कोनाचं होय मंग?"

"लय पोरायचं. शिकाऊ पोरायचं."

"ते मेले?"

"नाही. याच्यात बसलेला एकबी नाही मेला. सगळे उतरले."

"सगळे?"

"हो, माय."

जमुनाबाईनं चाकावर हाताचा तळवा आपटला, पुन्हा आपटला. "मंग त्याले याच्यात काऊन नाही बसवलं? हे रिकामं होतं ना! काऊन नाही बसवलं याच्यात?"

आणि इतक्या वर्षांत जो आवाज तिनं घशाबाहेर येऊ दिला नव्हता, तो निघाला. चौकीदार धावत आला. वर्गांच्या खिडक्यांत पोरं गोळा झाली. चैतरामनं तिला उठवायला हात दिला, पण ती चाकाला मिठी मारून बसली, आणि दुर्गेश्वरी तिच्या पाठीला लागून बसली. दोघी तिथंच ऊन उतरेपर्यंत रडल्या.

घरी येताना ऑटोत जमुनाबाई एवढंच बोलली, "तिरोड्याले फोन लाव. सेवकरामले सांग, तेरवी कराची हाय."

सेवकराम म्हणजे दुर्गेश्वरी-खेमराजचा चुलतभाऊ. दुर्गेश्वरीनं फोन लावला आणि सांगितलं, "दादा, खेमराज गेला."

पलीकडून सेवकरामनं विचारलं, "कधी?"

तिनं फोन चैतरामच्या हातात दिला.