काकांच्या तोंडाचं माप

ताथवड्याच्या तनुजानं स्वतःच्या लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ स्वतःच केला, आणि भावकीच्या ग्रुपवर टाकून पायावर धोंडा पाडून घेतला. दिवसभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी पोरगी! पण मानपान कुठल्या कॉलेजात शिकवतात?

"मी काय लग्नाला येणार न्हाई," हिंदुरावकाकांनी फोनवर सांगून टाकलं. "व्हिडिओत लक्ष्या माझ्यापेक्षा मोठा दिसतोय."

लक्ष्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ लक्ष्मणराव. वडील गेलेले, लग्न चार दिवसांवर, आणि कन्यादान हिंदुरावकाका अन् काकूच करणार होते.

लॅपटॉप घेऊन ती काकांकडे धावली. "काका, दोघांना सारख्याच कीफ्रेम दिल्यात. इथं एक खूण केली, फोटो शंभर टक्के. इथं दुसरी, एकशेवीस. मधलं वाढवायचं काम सॉफ्टवेअरचं."

काकांनी कपाटातून मोजमापाचा व्हर्नियर काढला. तीस वर्षं कंपनीत माल मोजून नापास करत आलेला माणूस तो. त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन्ही तोंडं मोजली.

"अकरा मिलिमीटर जास्त. रिजेक्ट."

आता बोला! लक्ष्मणरावांचा मूळ फोटोच जवळून काढलेला, त्याला ती बिचारी काय करणार?

"मग तुम्हीच करा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली आणि माउस त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा चढवला. लक्ष्मणरावांना शंभरावर आणलं, स्वतःला एकशेतीसवर नेलं, मिशीवरून हात फिरवला. व्हिडिओ पुढं सरकला. शेवटी कोपऱ्यात तनुजाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. एवढासा, जागच्या जागी.

"दादाला का गं खुणा न्हाईत?"

"गेलेल्या माणसाला कसं हलवायचं, काका?"

काकांनी दादांच्या फोटोवर एक खूण केली, शेवटी दुसरी केली, दोनशे टक्के. स्वतःला ऐंशीवर उतरवलं आणि व्हर्नियर लावून लक्ष्मणरावांनाही तेवढंच केलं.

"थोरल्यापुढं धाकटी बारीकच दिसली पायजेत," ते म्हणाले. तनुजाला हुंदका आवरेना.

नवा व्हिडिओ ग्रुपवर गेला. पाच मिनिटांत काकांना लक्ष्मणरावांचा फोन.

"आण्णा, माझं तोंड बारीक कुणी केलं? मी लग्नाला येणार न्हाई!"

"माझंबी तेवढंच हाय," काका गरजले. "हळदीला ये. व्हर्नियर घेऊन उभा ऱ्हातो मी, मोजून घे!"