बाबांनी मांडलेला माझा पूर्वपक्ष

माझ्या बाबांनी आजवर कुणाचंही वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. पुलगावच्या डेपोतून रिटायर होऊन त्यांनी बोरगाव मेघेत घर बांधलं, तेव्हा गवंडीसुद्धा शेवटी खुणांनीच बोलायला लागला होता. अशा माणसाला मला सांगायचं होतं, की मी एम.ए.ला संस्कृत घेणार, त्यातही दर्शनं, म्हणजे जुनं तत्त्वज्ञान, आणि त्यासाठी पुण्याला जाणार.

"संस्कृत?" बाबा ओरडले. "आपण बौद्ध माणसं, आन् तू..."

"बाबा, ऐका तर!"

"आयकलं!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्या शास्त्रात वादाचा नियम हाये. आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत. त्याले पूर्वपक्ष म्हणतेत. मंगच खंडन. कबूल?"

वाद म्हटल्यावर बाबा कसले मागे हटतात!

मी बाबा झाले. "ज्या भाषेच्या वर्गात माया बापाले पाय ठेवू देल्ला नाई, तिच्यासाठी माई पोरगी फीस भरून राह्यली! काऊन?"

बाबांचे डोळे भरून आले. "हो, हेच. मायापेक्षा मस्त बोलली पोट्टी!"

"आता माझं म्हणणं तुमी मांडा."

बाबांनी घसा खाकरला. "रंजिताचं म्हणणं असं हाये का..." आणि थांबले. "काय म्हणणं हाये वं तुयं?"

"तिले बोलू द्यान तवा कळन ना," सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत आई म्हणाली.

मग मी बोलले. बाबा दोनदा मध्ये तोंड घालायला गेले, दोनदा आईनं डोळे वटारले.

"हिले पंडित व्हायचं हाये," बाबांनी मांडलं.

"नाई."

"हिले पुण्याले फिराले जायचं हाये."

"बाबा!"

ते खुर्चीत बसले. या खेपेला सावकाश बोलले. "दार आपल्याले बंद होतं. पण त्या पोथ्यायत आपलेच भिक्खू त्याच भाषेत वाद घालून राह्यले. आत्मा-बित्मा काई नाई, दाखवा असन त, म्हणून राह्यले. आपलं भांडण आपल्या लेकीनं नाई वाचाव, त कोणं वाचाव?"

इतकं नेमकं मलाही मांडता आलं नव्हतं. मला रडूच आलं. "हो," म्हटलं, "हेच."

"करा मंग खंडन," आई म्हणाली.

बाबांनी टक्कल खाजवलं. "त्याले इचार लागते. तू जाय तवरक. सापडलं का फोन करतो."

मला पुण्यात आता दुसरं वर्ष आहे. फोन रोज येतो.

"नाई सापडलं अजून," बाबा म्हणतात. "जेवली काय?"