सदतीस नंबरचा विद्यार्थी

माझ्या प्रबंधाचं घोडं एका लिफ्टमध्ये अडलं होतं. हे सांगितलं की लोक हसायचे, म्हणून पुढे पुढे मी सांगणंच बंद केलं.

काम सुरू केलं तेव्हा रात्रकॉलेजच्या पहिल्या वर्षातले चाळीस विद्यार्थी मी निवडले होते. सगळे दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारे. शिकताना त्यांना काय वाटतं, कशामुळे ते टिकतात आणि कशामुळे सोडून देतात, हा माझा विषय. पद्धत अगदी सोपी. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला गाठायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि एक ते पाच यांतला एक आकडा उत्तर म्हणून घ्यायचा. एक म्हणजे अजिबात सहमत नाही, पाच म्हणजे पूर्णपणे सहमत. विद्यार्थी पदवी घेऊन किंवा मध्येच सोडून बाहेर पडला की त्याची एक शेवटची मुलाखत घ्यायची आणि फाइल बंद करायची.

एकोणचाळीस जण आपापल्या वाटेनं बाहेर पडले. कुणी पदवी घेतली, कुणी लग्न केलं, कुणी सासऱ्याचा ट्रक चालवायला गेला. एक मुलगी तर शिकून त्याच रात्रकॉलेजात शिकवायला लागली. ती मला जिन्यात भेटली की काळजीनं विचारायची, "अहो, तुमचं झालं का हो?" मी "होतंय, होतंय" म्हणायचे आणि मनातल्या मनात तिच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचे.

राहिला एकच, सदतीस. नावं गुप्त ठेवायची असल्यामुळे माझ्या लेखी सगळे आकडेच होते. सदतीस एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. त्याचे सगळे विषय केव्हाच सुटले होते, फक्त संख्याशास्त्राचा एक पेपर सुटत नव्हता. दर सत्राला तो नाव नोंदवायचा आणि दर सत्राला मला सांगायचा, "पेपर जरा अवघड गेला, मॅडम."

"सर, एकासाठी किती थांबायचं?" मी मार्गदर्शकांना विचारलं.

"त्याचं नाव पटावर आहे?"

"आहे."

"मग तो विद्यार्थी आहे. शेवटचा विद्यार्थी बाहेर पडल्याशिवाय आपला अभ्यास संपत नाही."

सर वाईट माणूस नव्हते, तत्त्वाचे पक्के होते. तत्त्वाच्या पक्क्या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढल्याशिवाय वाईट माणसांची किंमत कळत नाही. मुलाखत घेणाऱ्यानं उत्तर देणाऱ्याला चुकूनसुद्धा सल्ला द्यायचा नाही, हे त्यांचं मोठं तत्त्व. सुरुवातीला एका रडवेल्या मुलीला मी नुसतं "छान चाललंय, सोडू नकोस" म्हणाले होते. सरांनी ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं, मुलीची फाइल बाद केली आणि माझ्याकडून तिच्या जागी नवीन मुलगी पहिल्यापासून करून घेतली. त्यात माझं एक वर्ष गेलं. तेव्हापासून मी मुलाखतीत तोंडाला कुलूप लावूनच बसायचे.

घरात मी दादा-वहिनींकडे, आतल्या खोलीत. खोली कसली, भरलेल्या प्रश्नावल्यांचं गोदाम. खोकी पलंगाखाली मावेनात म्हणून पलंगावर आली आणि मी भिंतीला चिकटून झोपायला लागले. कुशीवर वळायचं तर आधी विद्यार्थ्यांना सरकवावं लागे. भाची शाळेत जायला लागली, तिचे दात पडले, नवे आले. एक दिवस तिनं मला विचारलं, "आत्या, तू नापास होतेस का गं?" वहिनी तिला रागावल्या, पण हसू दाबत. मला तेही गिळावं लागलं. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला रागसुद्धा मोजूनमापूनच यावा लागतो.

आणि अशात मला नोकरी लागली. दुसऱ्या गावातल्या कॉलेजात, कायमची, राहायला स्वतंत्र खोल्या. अट एकच: रुजू होण्याआधी प्रबंध सादर झालेला हवा. सर त्याच सुमाराला निवृत्त होणार होते. म्हणजे हे सत्र हुकलं की नोकरी जाणार, सर जाणार, आणि नवीन मार्गदर्शकांपुढे मी पुन्हा पहिलीच्या बाकावर.

"वन्सं," वहिनी पत्र वाचून म्हणाल्या, "त्या माणसाला म्हणावं, बाबा, पास तरी हो नाहीतर घरी तरी बस."

"तेच तर म्हणता येत नाही, वहिनी."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," त्या म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

हजेरीचे कागद आणायला मी रात्रकॉलेजात गेले. तिथल्या कारकुनाला सहज विचारलं, सदतीसला संख्याशास्त्रात साधारण किती मार्क पडतात. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मार्क कसे पडतील? तो पेपरला बसतच नाही. त्याची हॉलतिकिटं तशीच पडून असतात इथे. वर्गाला मात्र न चुकता येतो, पहिल्या बाकावर बसतो. आमच्या मास्तरांना त्याचं भारी कौतुक."

मी तशीच तणतणत त्या इमारतीकडे निघाले. मी दर सहा महिन्यांनी त्या पिंजऱ्यात उभी राहून ऊरफोड करतेय, आणि हा गडी मला ताकास तूर लागू देत नाही!

ती लिफ्ट जुन्या पद्धतीची होती. जाळीचं दार, पितळी मूठ, कोपऱ्यात एक स्टूल आणि स्टुलाखाली त्याचं संख्याशास्त्राचं पुस्तक. आमच्या मुलाखती वर-खाली जाताजाताच व्हायच्या. लोक आत आले की मी गप्प, लोक उतरले की पुढचा प्रश्न. इमारत पाच मजल्यांची असल्यामुळे आमचं एक बरं जमलं होतं. "मला अभ्यासाचा ताण वाटतो," मी वाचायचे आणि तो विचार करून म्हणायचा, "दुसऱ्यावर थांबवा." "मला शिकताना आनंद होतो." "पाचवा, मॅडम. गच्ची असती तर गच्चीच म्हटलं असतं." मला कुठल्याच मजल्यावर जायचं नसायचं, आणि तोही मला कधी विचारायचा नाही.

त्या दिवशी मी रेकॉर्डर पर्समधून काढलाच नाही.

"तुम्ही पेपरला बसत नाही," मी म्हटलं.

त्यानं एका बाईंना चौथ्यावर सोडलं आणि खाली येताना मूठ फिरवली. चौथा आणि तिसरा यांच्यामध्ये लिफ्ट थांबली. जाळीपलीकडे नुसती विटांची भिंत.

"हे काय करताय? चालू करा."

"करतो. आधी ऐका." तो स्टुलावर बसला. माझ्यासमोर बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. "मॅडम, दिवसभर लोक माझ्याशी आकडे बोलतात. दोन. चार. तीन. चांगली माणसं आहेत, वाईट वागत नाहीत. पण आकडेच बोलतात. घरी कुणी नाही. तुम्ही येता आणि विचारता, शिकताना तुम्हाला कसं वाटतं. मग सहा महिने मी वर्गात बसून बघत असतो, मला कसं वाटतंय. या खेपेला मॅडमना काय सांगायचं, ते ठरवत असतो. पेपर दिला की पास होईन, मला येतं सगळं. पास झालो की तुम्ही याल एकदा शेवटचं. त्या पहिल्या कागदावर लिहिलंच होतं तसं."

मी त्याच्यामुळे अडकले होते आणि तो माझ्यामुळे. इतकी वर्षं मी ज्या कारणाच्या शोधात होते, माणसं शिक्षणात कशानं टिकतात, ते कारण मीच होते. सरांना हे कळलं असतं तर त्यांनी आनंदानं टाळी वाजवून सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं असतं.

वरून कुणीतरी घंटी वाजवली.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "सोडू की देऊ पेपर?"

"मला सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मग मला लिफ्ट चालू करता येत नाही."

तो दमदाटी करत नव्हता. अगदी शांतपणे, रांगेत नंबर लागायची वाट पाहावी तसा बसून होता. घंट्या वाढल्या. खालून कुणीतरी जाळी बडवत "झोपला काय रे?" म्हणून ओरडलं. बोलले आणि ते त्याच्या शेवटच्या मुलाखतीत निघालं तर त्याची फाइल बाद आणि मी पुन्हा पलंगावरच्या खोक्यांत. नाही बोलले तर हा असाच नाव नोंदवत राहणार, आणि मी तरीही खोक्यांतच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही विटांची भिंत.

"पेपर द्या," मी म्हणाले. "पास व्हा. मी त्यानंतरही येत जाईन."

"प्रश्नावली नसताना?"

"नसतानाच. अशीच, गप्पा मारायला."

"नक्की?"

"नक्की."

तो उठला, मूठ फिरवली, आणि खाली जाताना गुणगुणत होता. नोकरीचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. ते गाव तिथून रात्रभराच्या प्रवासावर. त्याला "नक्की" म्हणताना मला ते पुरतं आठवत होतं, आणि तरी मी म्हणाले. मला बाहेर पडायचं होतं, त्या लिफ्टमधून आणि सगळ्यातूनच. त्या रात्री मला छान झोप लागली, याची लाज मला सकाळी वाटली.

तो पेपरला बसला आणि पास झाला, तोही असा की कारकुनानं मला मुद्दाम बोलावून मार्क दाखवले. सर खूश झाले. "बघा, थांबल्याचं चीज झालं," असं मलाच वर ऐकवलं. "आता शेवटची मुलाखत घ्या, ती ऐकतो आणि सही करतो."

शेवटच्या मुलाखतीला मी गेले तेव्हा त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्टूल पुसून माझ्यासाठी पुढे केलं. रेकॉर्डर चालू करून मी प्रश्न सुरू केले. पाचवा, पाचवा, तिसरा, पाचवा. लोक चढत होते, उतरत होते. एक ओळखीचे साहेब आत आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "साहेब, पास झालो." साहेब "अरे वा" म्हणाले आणि म्हणाले, "चार."

पद्धतीप्रमाणे शेवटच्या प्रश्नाआधी आभाराचं पत्र द्यायचं असतं. उत्तर देणाऱ्याला पुढे काही विचारायचं झालं तर म्हणून त्यावर संशोधकाचा पत्ता छापायचा, हाही सरांचाच नियम. छापखान्यानं माझा नवा पत्ता छापला होता. मी ते पत्र घडी करून दिलं. त्यानं घडी उघडली.

तो सावकाश वाचणारा माणूस. आधी आभार वाचले, मग माझं नाव, मग गावाचं नाव. तिथे थांबला.

"हे लांब आहे," तो म्हणाला.

"हो."

"रुजू कधी होणार?"

"पुढच्या आठवड्यात."

त्यानं पत्राची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, तो आता मूठ फिरवून लिफ्ट मध्येच अडवेल. फिरवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण लिफ्ट सरळ तिसऱ्यावर येऊन नीट थांबली. बाहेर कुणी नव्हतं.

"एक प्रश्न राहिलाय ना?" तो म्हणाला.

राहिला होता. तो माझ्या तोंडून निघेना. कागद समोर धरून मी वाचला, "शिक्षण पूर्ण करण्याच्या तुमच्या निर्णयावर दुसऱ्या कुणाचा प्रभाव होता का? असल्यास कुणाचा?"

त्यानं माझ्या हातातल्या रेकॉर्डरकडे पाहिलं. त्यातला लाल दिवा लुकलुकत होता. त्या मुलीची गोष्ट मीच त्याला कधीतरी सांगितली होती, तिची फाइल बाद झाली ती. एका शब्दात तो मला पुन्हा त्या खोलीत नेऊन कोंडू शकत होता, आणि तो शब्द खरा होता. इतकी घाबरून मी आयुष्यात कुठल्या परीक्षेला बसले नव्हते.

"नाही," तो रेकॉर्डरच्या जवळ तोंड नेऊन, स्पष्ट म्हणाला. "कुणाचा नाही. माझं मी ठरवलं."

मी रेकॉर्डर बंद केला. मला म्हणायचं होतं की मी पत्र लिहीन, सुट्टीत येईन, मी तेव्हा तसं म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं. तो दाराकडे तोंड करून स्टुलाशेजारी उभा राहिला, सगळ्यांसाठी राहतो तसा. हात मुठीवर.

"कितवा मजला, मॅडम?" त्यानं विचारलं.

"तळमजला," मी म्हणाले.