उजव्या पायाची कड

“हा डाग कसला?” धुवायला टाकलेली बायकोची पँट मास्तरांनी उजेडात धरली.

“डाग आहे म्हणूनच धुवायला टाकलीय.”

“उजव्याच पायाला?”

“मग डाव्याला तुम्ही पाडा,” म्हणत बाई आत गेल्या.

मास्तर शिंपी. उभा जन्म लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेला. उजव्या कडेला काळं वंगण आणि उसवलेले दोरे म्हणजे सायकलची साखळी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि सध्या सायकल म्हटलं की त्यांचं डोकं फिरत होतं. नगरपालिकेने दुकानांसमोर पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. गाड्या लावायची जागा जाणार, तिथे सायकलींचा मार्ग होणार. संध्याकाळी त्यावर सुनावणी होती आणि दुकानदारांतर्फे मास्तरच बोलणार होते. दारात गाडी थांबली नाही तर सूट शिवणारं गिऱ्हाईक येईल कशाला? दुकान बसलंच म्हणून समजा.

तसा संशय हा मास्तरांचा जुना धंदा, शिवण नंतरची. दुधाने तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकूनच पीत. शेजारच्या औषधवाल्याने रेघा मारणाऱ्यांना पाणी दिलं, म्हणून तो फितूर. समोरचा न्हावी सुनावणीचा विषय निघाला की गप्प बसतो, म्हणून तोही. त्यातच दुकानदारांनी रेघांवर आडव्या गाड्या लावायचं गुपचूप ठरवलं, तर सायकलवाले आधीच येऊन उभे! ही बातमी घरातूनच फुटली, हे मास्तरांना आता लख्ख दिसलं.

जेवताना त्यांनी विचारलंच. “टीप घालणं माझं काम. तू टीप द्यायला कधीपासून लागलीस?”

“कुणाला?”

“सायकलवाल्यांना.”

बाईंनी भाजीचं पातेलं पुढे ओढलं. “भाजी वाढू?” म्हणाल्या.

जेवण झालं की मास्तर रोज माडीवर तासभर लवंडत. आज ते झोपायला गेल्यासारखं करून खाली आले आणि दुकानाचं शटर अर्धं उघडून वाकून पाहत राहिले.

बाई औषधवाल्याच्या बोळातून बाहेर आल्या. सायकलवर! हँडलला पिशव्या लटकत होत्या. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते शटरखालून बाहेर पडणार, तोच दुकानासमोर लावलेल्या गाडीचं दार धाडकन उघडलं. बाई त्यावर आदळून रस्त्यावर पडल्या.

“बघून चालवा की!” गाडीवाला उलट त्यांच्यावरच खेकसला आणि औषधाच्या दुकानात शिरला.

मास्तर धावले. बाईंचं कोपर सोलवटलं होतं. पिशव्यांतले कपडे रस्त्यावर पसरले होते. मास्तरांनी कोट उचलला. कॉलर त्यांच्याच हातची होती.

“हा तर आपल्या सूटवाल्या साहेबांचा. मी झोपलेलो असताना गाडीतून येऊन टाकून गेले, असं तूच म्हणालीस.”

“कुठली गाडी अन् कुठले साहेब!” बाई कोपरावर फुंकर घालत म्हणाल्या. “आपल्या गिऱ्हाइकाची गाडी या दारात थांबून वर्षं झाली. थांबतात त्या औषधवाल्याकडे येणाऱ्यांच्या. कपडे मीच घरोघर फिरून आणते, मीच पोचवते. सायकल औषधवाला बोळात ठेवू देतो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मास्तर दारोदार काम मागत नाही, हे कोण म्हणायचं?”

मास्तर खाली बसून कपडे गोळा करू लागले. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, आणि आपण डोळे मिटले की मगच गाड्या कशा येतात, हा संशय काही आला नाही.

“मग ती आडव्या गाड्यांची बातमी?” त्यांनी हळूच विचारलं.

“न्हाव्याकडे दाढी करताना तुम्हीच ओरडून सांगत होतात. अख्खं दुकान ऐकत होतं.”

संध्याकाळी सुनावणीत मास्तरांचं नाव पुकारलं. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर उभे राहिले. “आमचं गिऱ्हाईक गाडीतून...” एवढं म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. “माझं काही म्हणणं नाही,” म्हणून खाली बसले.

“फुटला,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “कुणी फोडला असेल?”

घरी येताच मास्तरांनी ती पँट वाळत घातलेली काढली. माप घ्यायची गरज नव्हती. उजवा पाय खाली थोडा निमुळता केला, कड आत दुमडली आणि दुहेरी टीप घातली.

“उद्या कुठे कुठे जायचंय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

बाई दारात थबकल्या. “का?”

“सहज,” मास्तर म्हणाले आणि दातांनी दोरा तोडला.