न वळलेले टोक

मी एक जुना स्टेपलर आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका, तुमच्या वहीची सुटी पाने माझ्याच भावंडांनी धरून ठेवली आहेत. एका कारखान्यात पत्रा कापून, ठोकून, वर काळा रंग चढवून मला घडवले आणि दातांच्या एका दवाखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे विम्याची बिले करणाऱ्या ताई बसत. अकरा वर्षे मी त्यांच्या उजव्या हाताशी होतो. "हा माझा खरा मदतनीस, चहासुद्धा मागत नाही," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी उगाच फुगून बसे.

किडलेल्या दाताचे काम सोपे. एक फॉर्म, एक पिन, की दातांच्या विमा कंपनीकडे रवाना. पण कुणी पडून-आपटून दात दुखावून घेतला की ताईंच्या कपाळाला आठी पडायची. अपघात म्हटला की आधी आरोग्य विम्याचे दार ठोठावायचे. त्यांचा होकार किंवा नकार हाती येईपर्यंत दातांच्या विम्यावाले फाईल उघडतसुद्धा नाहीत. त्यात आरोग्य विम्याला पुरावा हवा, की हा दात अपघातापूर्वी धडधाकट होता. म्हणून ताई फॉर्म, डॉक्टरीणबाईंचे पत्र आणि पाकिटातला जुना एक्स-रे असा गठ्ठा करत, मला दाबत, मग गठ्ठा उलटा करून पिनेची दोन्ही टोके वळली का ते बोटाने चाचपत. हा त्यांचा नेम कधी चुकत नसे.

एकदा खुदू आली. अकरा वर्षांची, उठता-बसता खुदकन हसणारी, म्हणून घरात तिला खुदूच म्हणत. शाळेच्या जिन्यात पाय घसरून तिचा पुढचा दात पायरीवर आपटला होता. डॉक्टरीणबाईंनी हलणारा दात शेजारच्या दातांना तारेने बांधला.

"नस बहुतेक वाचणार नाही," त्या तिच्या वडिलांना म्हणाल्या. "पण महिन्याच्या आत रूट कॅनाल केलं तर दात राहील."

वडील बस चालवत. ते म्हणाले, "मंजुरी आली की त्याच दिवशी घेऊन येतो."

"माझाच दात राहील ना?" खुदूने ताईंना विचारले.

"राहील गं बाळा. कागद आत्ताच पाठवते."

आता माझे पाप सांगतो. आदल्याच संध्याकाळी मी टेबलावरून पडलो होतो. ज्या पट्टीवर पिनेची टोके वळतात, ती जराशी सरकली होती. ताईंना ते ठाऊक नव्हते, मला होते. एरवी मी क्षुल्लक कारणाने अडून बसे, आणि मग ताई मला उघडून पाहत. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखा एका दाबात चाललो. टपाल नेणारा माणूस दारात घाई करत होता. ताईंनी गठ्ठा उलटून पाहिला नाही. पिनेचे एक टोक सरळच राहिले होते. गठ्ठा टेबलावरच्या टपालाच्या ट्रेमध्ये पडताच एक्स-रेचे पाकीट निसटून तळाच्या कागदांत शिरले. बाकीचा गठ्ठा त्या माणसाने लखोट्यात घातला आणि नेला.

तीन आठवड्यांनी आरोग्य विम्याचे उत्तर आले: दात आधी निरोगी असल्याचा पुरावा जोडलेला नाही. ताईंनी टेबल, कपाट, कचऱ्याची टोपलीही पालथी घातली. शेवटी पाकीट ट्रेच्या तळाशी सापडले. त्यांनी ते तातडीने पाठवले आणि फोन लावला. "आता पुन्हा रांगेत लागेल हो बाई," असे तिकडून सांगितले. दातांच्या विम्यावाले म्हणाले, "आधी त्यांचं पत्र आणा."

ताईंनी खुदूच्या वडिलांना कळवले, मंजुरीसाठी थांबू नका म्हणून. पण पदरचा एवढा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. "इतके दिवस थांबलो, आणखी चार दिवस," ते म्हणाले. त्या चार दिवसांचे वीस दिवस झाले. एका सकाळी खुदू सुजलेला ओठ घेऊन आली. मुळाशी पू झाला होता. दात काढावा लागला.

मंजुरी त्यानंतर आठ दिवसांनी आली. जो दात उरलाच नव्हता, त्याच्या रूट कॅनालला. ताईंनी मला दाबून ते पत्र फाईलला लावले, मग फाईल उलटी करून पिनेची टोके बोटाने चाचपली.

खोट्या दाताचे माप द्यायला खुदू आली, तेव्हा ताई तिच्यासमोर बसल्या. "चूक माझी होती गं. मी कागद उलटून बघायला हवे होते."

"असू दे ना, ताई," खुदू म्हणाली. बोलताना तिने तोंडावर हात धरला होता.

माझी चूक ताईंनी आपल्या अंगावर घेतली, मित्रांनो, आणि मला साधा आवाजही करता आला नाही. आता मी खालच्या खणात पडून असतो. जागेवर नवा स्टेपलर आला आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, तर नुसती उचलून ठेवू नका. तिला काय लागले ते बघा. ती वेळेवर अडली, तर तिच्यावर चिडूही नका.

त्या दिवशी मी अडायला हवे होते.